बँकेकडे अडकलेला पैसा कसा सोडवावा?

मीरा-भाईंदर हे लहान धंद्यांचे शहर आहे. भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलची भांडी तयार होतात. मीरा रोडच्या नयानगरात शिलाईची, कापडाची, किराण्याची आणि खाण्यापिण्याची दुकाने एकाला एक लागून आहेत. या धंद्यांत भांडवल थोडे आणि उलाढाल रोजची असते. आज गल्ल्यात आलेला पैसा उद्या मालाला जातो आणि आठवड्याच्या शेवटी कारागिरांच्या हातावर पडतो. अशा माणसाचे वीस हजार रुपये बँकेत पंधरा दिवस अडकले तर बँकेच्या दृष्टीने ती एक प्रलंबित नोंद असते. त्याच्या दृष्टीने मात्र तो कारागिरांचा चुकलेला पगार आणि घाऊक व्यापाऱ्याकडे गेलेली पत असते.

अशा वेळी बहुतेक जण काय करतात? शाखेत जातात, काउंटरवर आवाज चढवितात, "सर्व्हर डाऊन आहे, दोन दिवसांनी या" हे उत्तर ऐकून परत येतात. दोन दिवसांचे दोन महिने होतात. शेवटी "जाऊ द्या, नशिबात नव्हते" असे म्हणून हक्काच्या पैशावर पाणी सोडतात. आमचे म्हणणे असे की, यात नशिबाचा प्रश्न नाही. बँकेकडून पैसा परत मिळविण्याचा रस्ता ठरलेला आहे आणि त्यावर चालण्यासाठी वकील लागत नाही, वशिला लागत नाही, फीही लागत नाही. लागतात त्या चार गोष्टी : तारीख, रक्कम, नियम आणि पोच. तक्रार हे भांडण नव्हे, तो एक हिशोब आहे. तो कसा मांडावा हे आम्ही येथे क्रमाने सांगणार आहोत.

पैसा कोणत्या कारणाने अडकला?

सर्वांत आधी हे ठरवावे. कारण प्रत्येक प्रकाराला नियम वेगळा, मुदत वेगळी आणि दारही वेगळे आहे. "माझे पैसे गेले" एवढेच लिहिलेल्या अर्जाला बँक "चौकशी चालू आहे" एवढेच उत्तर देते. ढोबळमानाने प्रकार पाच आहेत. एक, व्यवहार फसला पण खात्यातून रक्कम कापली गेली. दोन, आपल्या परवानगीशिवाय कोणी रक्कम काढली. तीन, बँकेने चुकीचे शुल्क वा दंड लावला, किंवा कर्ज फिटल्यावर गहाण कागद अडवून ठेवले. चार, पोलिसांच्या सांगण्यावरून खाते गोठविले गेले. पाच, बँकच अडचणीत आली. यांतील पहिल्या तिन्हींत बँकेकडे तक्रार करून पैसा वा कागद परत मिळतात. शेवटच्या दोन्हींत मार्ग निराळा आहे, तोही पुढे सांगतो.

फसलेला व्यवहार : दिवस मोजा

एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून रक्कम गेली, यूपीआयने पाठविलेले पैसे समोरच्याला पोहोचले नाहीत, दुकानातील मशीनवर कार्ड घासले पण पावती निघाली नाही, हे रोजचे अनुभव आहेत. यासाठी रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी एक परिपत्रक काढले. त्यात रक्कम किती दिवसांत परत आली पाहिजे याची मुदत आणि उशीर झाल्यास भरपाई ठरवून दिली.

एटीएमचा व्यवहार फसला तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत रक्कम खात्यात परत आली पाहिजे. एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयने किंवा आयएमपीएसने पाठविलेली रक्कम पोहोचली नाही, तर ती दुसऱ्याच दिवसापर्यंत परत आली पाहिजे. दुकानदाराला यूपीआयने दिलेली रक्कम त्याच्याकडे पोहोचली नाही, किंवा दुकानातील कार्ड-मशीनवर व्यवहार अर्धवट राहिला, तर पाच दिवस. आधार-अंगठ्यावर पैसे काढताना व्यवहार फसला तरी पाच दिवस. या मुदतीनंतर उशीर होईल त्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. ही भरपाई ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता बँकेने आपणहून जमा करावी, असेही त्यात म्हटले आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, तीन तारखेला भाईंदर स्टेशनजवळच्या एटीएममध्ये दहा हजार रुपये कापले गेले आणि नोटा आल्या नाहीत. आठ तारखेपर्यंत रक्कम परत यावयास हवी होती. ती आली वीस तारखेला. उशीर बारा दिवसांचा, म्हणून भरपाई बाराशे रुपये. दहा हजार परत आले म्हणून आपण खूश होऊन घरी बसतो आणि बाराशे विसरतो. ते विसरू नयेत.

दुकानदारांसाठी आणखी एक गोष्ट. गिऱ्हाईक मोबाईल दाखवून म्हणते, "माझे पैसे गेले," आणि आपल्या खात्यात तर काहीच आलेले नाही. येथे वाद घालू नये. असा अर्धवट व्यवहार गिऱ्हाइकाच्या खात्यात पाच दिवसांत परत येणे बंधनकारक आहे. त्याने आपल्या ॲपमध्ये तक्रार नोंदवावी, व्यवहाराचा क्रमांक आपणही लिहून घ्यावा आणि मालाचे पैसे दुसऱ्या मार्गाने घ्यावेत.

मात्र चुकीच्या नंबरवर स्वतःच्या हाताने पाठविलेले पैसे हा फसलेला व्यवहार नव्हे. तेथे बँकेने आपले काम बरोबर केलेले असते. बँक समोरच्या बँकेमार्फत त्या माणसाला विचारू शकते, पण त्याच्या संमतीशिवाय रक्कम सहसा परत फिरत नाही. तरी त्याच दिवशी कळविणे चांगले.

परवानगीशिवाय पैसे गेले तर : तीन दिवस सोन्याचे

येथे वेळेला सर्वांत जास्त किंमत आहे. ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ग्राहकाची जबाबदारी किती, हे ठरवून दिले. सहकारी बँकांसाठी तसाच नियम डिसेंबर २०१७ मध्ये आला.

दोष बँकेचा असेल तर ग्राहकावर एका पैशाचीही जबाबदारी नाही, मग त्याने कळविले असो वा नसो. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, मधल्याच कोणीतरी यंत्रणा फोडून पैसे काढले असतील, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविणाऱ्याची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळविले तर ग्राहकावर मर्यादित बोजा पडतो. साध्या बचत खात्याला आणि सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योगांच्या चालू खात्याला ही मर्यादा दर व्यवहारामागे दहा हजार रुपये आहे, इतर मोठ्या चालू खात्यांना पंचवीस हजार. सात दिवस उलटले की बँक आपल्या धोरणाप्रमाणे ठरविते. म्हणजे ज्याने उद्योगाची नोंदणी करून चालू खाते त्या नावाने ठेवले आहे, त्याचा येथे पंधरा हजारांचा फायदा आहे.

तक्रार केल्यावर दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम खात्यात तात्पुरती जमा दाखवावी आणि नव्वद दिवसांत निकाल लावावा, असे हे परिपत्रक सांगते. ग्राहकाचाच दोष होता हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. काउंटरवर मात्र नेमके उलटे सांगितले जाते, म्हणून हे वाक्य लक्षात ठेवावे.

आता कटू गोष्ट. ओटीपी, पिन वा कार्डाचा आकडा आपणच कोणाला सांगितला असेल, तर बँकेला कळवीपर्यंतचे नुकसान आपले. कळविल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणून पैसे गेल्याचे दिसताच लाजेने वा घरच्यांच्या भीतीने गप्प बसू नये. त्याच मिनिटाला बँकेच्या क्रमांकावर खाते बंद करावयास सांगावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर नोंद करावी. पैसा चोरांच्या एका खात्यातून दुसऱ्यात जाण्याआधी रोखला गेला तरच हाती लागतो. मीरा-भाईंदर, वसई-विरारसाठी ऑक्टोबर २०२० पासून स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे आणि त्याचा सायबर विभाग आहे. १९३० वर मिळालेला नोंदणी क्रमांक घेऊन तेथे जावे आणि त्याच क्रमांकाची प्रत बँकेलाही द्यावी.

शुल्क, दंड आणि गहाण कागद

बँकेचे शुल्क हा पैसा थेंबाथेंबाने गळण्याचा मार्ग आहे. वर्षातून एकदा तरी खात्याचा पूर्ण उतारा घेऊन प्रत्येक कपातीपुढे कारण लिहावे. कारण कळले नाही तर विचारावे. आमचे काही कारागीर बंधू चालू खाते एवढ्यासाठीच ठेवतात की त्यात व्याज नसते. ते योग्यच, पण चालू खात्याला शिल्लक रकमेची अट कडक असते. खाते उघडताना सही केलेला शुल्काचा तक्ता मागून घ्यावा. त्यात नसलेले शुल्क कापले असेल तर ते परत मागता येते. बचत खात्याबाबत नियम आणखी स्पष्ट आहे : एप्रिल २०१५ पासून किमान शिल्लक कमी पडल्यास बँकेने आधी कळविले पाहिजे, एक महिना दिला पाहिजे, दंड तुटीच्या प्रमाणात घेतला पाहिजे, आणि केवळ दंडामुळे खाते उणे होता कामा नये.

कर्ज घेतलेल्यांनी तीन नियम माहीत करून घ्यावेत. पहिला, १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने हप्ता चुकल्याबद्दल 'दंडव्याज' लावण्यास मनाई केली. दंड घ्यावयाचा तर तो ठरीव शुल्क म्हणून, आणि त्या शुल्कावर पुन्हा व्याज नाही. नव्या कर्जांना हे १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले, जुन्या कर्जांना ३० जून २०२४ पर्यंत लावावयाचे होते. दुसरा, कर्ज पूर्ण फिटल्यावर घराचे, गाळ्याचे वा इतर मालमत्तेचे मूळ कागद तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या दोषाने उशीर झाला तर दर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम आहे. तिसरा, १ जानेवारी २०२६ पासून मंजूर वा नूतनीकरण झालेल्या, बदलत्या दराच्या व्यवसाय-कर्जाची मुदतीआधी फेड केली तर व्यक्ती व लघुउद्योगांकडून व्यापारी बँकांनी दंड घेऊ नये, असे ठरले. लहान वित्त बँका आणि काही सहकारी बँकांना यात वेगळी मर्यादा आहे, ती विचारून घ्यावी.

काही भरपाया बँक व्याजाच्या रूपाने देते. ज्यांना व्याजाची रक्कम वापरावयाची नसते त्यांनी मूळ रक्कम, शुल्काचा परतावा आणि व्याज असे तीन आकडे वेगळे लिहून मागावेत आणि शेवटच्या आकड्याबाबत जाणकार आलिमांचा सल्ला घ्यावा. परंतु त्या एका आकड्याच्या संकोचाने मूळ रकमेचा दावाच सोडून देणे हे शहाणपणाचे नाही. मूळ रक्कम आपली आहे.

अर्ज कसा लिहावा?

तोंडी तक्रार ही तक्रार नव्हे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल कुरआनातील सर्वांत लांब आयत आहे, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको. गल्ल्यावर आपण वही ठेवतो, बँकेशी मात्र सारा व्यवहार तोंडी करतो. हे उलटे झाले.

अर्ज एका पानाचा असावा. रागाचे शब्द, जुन्या गाऱ्हाण्यांची यादी, शाखेतील अमुक बाईंनी कसे बोलले याची कहाणी त्यात नसावी. मराठी, हिंदी वा इंग्रजी, जी भाषा आपल्याला नीट येते तीत लिहावा. नमुना असा :

"प्रति, शाखाधिकारी, …… बँक, …… शाखा. विषय : एटीएममधून न मिळालेले १०,००० रुपये व भरपाई मिळणेबाबत.

महोदय, माझे आपल्या शाखेत चालू खाते आहे, क्रमांक …… . दिनांक …… रोजी …… वाजता …… येथील एटीएममध्ये मी १०,००० रुपये काढण्याचा प्रयत्न केला. नोटा मिळाल्या नाहीत, परंतु खात्यातून रक्कम वजा झाली. व्यवहार क्रमांक …… . रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार ही रक्कम पाच दिवसांत परत यावयास हवी होती. आज …… दिवस झाले. तरी १०,००० रुपये आणि मुदतीनंतरच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये माझ्या खात्यात जमा करावेत व तसे लेखी कळवावे. तीस दिवसांत निराकरण न झाल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे तक्रार करीन. सोबत : खाते उताऱ्याची प्रत, संदेशाची प्रत. आपला विश्वासू, ……"

या अर्जात पाच गोष्टी आहेत : काय घडले, केव्हा घडले, किती रक्कम, कोणता नियम आणि नेमके काय हवे. शेवटची सर्वांत महत्त्वाची. "योग्य ती कार्यवाही करावी" असे लिहिणाऱ्याला योग्य ती कार्यवाही म्हणजे फाईल बंद, एवढेच मिळते. रक्कम आकड्यात मागावी.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. एक शाखेत द्यावी, दुसरीवर शिक्का, तारीख व सही घ्यावी. शिक्का देण्यास टाळाटाळ झाली तर वाद न घालता तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवावा, पावती जपावी आणि बँकेच्या ई-मेलवर वा ॲपवरही तक्रार नोंदवून तिचा क्रमांक लिहून घ्यावा. मूळ कागद कधीही देऊ नयेत, प्रती द्याव्यात. ज्या दिवशी पोच मिळाली तो दिवस दिनदर्शिकेत लिहून ठेवावा. आता तीस दिवसांचे घड्याळ चालू झाले.

मधल्या काळात शाखेने दाद दिली नाही तर बँकेच्या मुख्य नोडल अधिकाऱ्याला त्याच अर्जाची प्रत पाठवावी. त्याचे नाव व पत्ता शाखेतील फलकावर आणि बँकेच्या संकेतस्थळावर असतो. मोठ्या बँकांत 'अंतर्गत लोकपाल' असतो. बँक ज्या तक्रारी पूर्णतः वा अंशतः फेटाळू पाहते, त्या त्याच्या नजरेखालून जाव्या लागतात. म्हणून नकार आला तर "हा नकार अंतर्गत लोकपालांनी तपासला आहे काय?" असे लेखी विचारावे.

तीस दिवसांनंतर : रिझर्व्ह बँकेचे लोकपाल

बँक ग्राहकांसाठी लोकपाल योजना रिझर्व्ह बँकेने प्रथम १९९५ साली आणली. पुढे तिच्यात अनेक बदल झाले आणि १२ नोव्हेंबर २०२१ पासून बँका, वित्त कंपन्या व डिजिटल व्यवहार यांच्या वेगवेगळ्या योजना एक करून 'एकात्मिक लोकपाल योजना' सुरू झाली. तीस दिवसांत बँकेचे उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर समाधानकारक नाही, तर येथे जाता येते.

तक्रार रिझर्व्ह बँकेच्या 'सीएमएस' या संकेतस्थळावर भरता येते. ज्यांना ते जमत नाही त्यांनी साध्या कागदावर लिहून चंदीगडच्या सेक्टर १७ मधील रिझर्व्ह बँकेच्या तक्रार-स्वीकृती केंद्राला टपालाने पाठवावी, पिन कोड १६००१७. ती मराठीतही चालते. माहितीसाठी १४४४८ हा निःशुल्क क्रमांक आहे. अर्जासोबत बँकेला दिलेल्या तक्रारीची पोच, बँकेचे उत्तर आले असल्यास ते, आणि उतारा जोडावा. फी काहीही नाही. वकिलामार्फत तक्रार करता येत नाही. वकील नसलेला प्रतिनिधी मात्र नेमता येतो. ज्या वडीलधाऱ्यांना लिहिता येत नाही त्यांची तक्रार शिकलेला मुलगा वा मुलगी अधिकारपत्र घेऊन चालवू शकते.

बहुतेक चुका दोन ठिकाणी होतात. एक, बँकेला आधी लेखी न कळविता थेट लोकपालांकडे जाणे. अशी तक्रार परत येते. दोन, उशीर. २०२१ च्या योजनेत बँकेच्या उत्तरापासून एक वर्षाची, आणि उत्तरच आले नसेल तर तक्रारीपासून एक वर्ष तीस दिवसांची मुदत ठेवली होती. परंतु असे नियम वेळोवेळी सुधारले जातात, म्हणून आमचा सल्ला असा की मुदतीचा आकडा पाहतच बसू नये. एकतिसाव्या दिवशी अर्ज पाठवावा.

लोकपाल आधी समेटाचा प्रयत्न करतात, न जमल्यास निवाडा देतात. वादाच्या मूळ रकमेला २०२१ च्या योजनेत वरची मर्यादा नव्हती. त्यामुळे ओढवलेल्या नुकसानीची भरपाई वीस लाखांपर्यंत, आणि गेलेला वेळ, खर्च व मनस्ताप यांसाठी एक लाखापर्यंत देण्याचा अधिकार त्यात होता. म्हणून शाखेच्या खेपा, रिक्षाभाडे, बुडालेला रोज यांचीही नोंद ठेवावी. निवाडा आपल्या बाजूने लागला तर त्याला लेखी मान्यता ठरलेल्या मुदतीत कळवावी लागते. २०२१ च्या योजनेत ती तीस दिवसांची होती. ती चुकली तर जिंकलेला निवाडाही वाया जातो.

येथे काय चालत नाही?

कर्ज नाकारले, ही तक्रार लोकपालांकडे चालत नाही. तो बँकेचा व्यावसायिक निर्णय मानला जातो. जे प्रकरण न्यायालयात आहे तेही चालत नाही. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत. त्यांच्याबाबत सहकार खात्याच्या निबंधकांकडे जावे लागते. नावात 'बँक' आहे की 'पतसंस्था', हे पैसे ठेवण्याआधी पाहावे.

पोलिसांच्या आदेशाने गोठलेले खाते हाही असाच प्रकार आहे. कोणीतरी फसवणुकीच्या पैशातून आपल्याकडे माल घेतला, आणि दूरच्या राज्यातील पोलिसांच्या पत्रावरून आपले खाते अडकले, असे प्रकार दुकानदारांना सोसावे लागतात. येथे बँकेशी भांडून उपयोग नाही, ती आदेश पाळत असते. बँकेकडून लेखी घ्यावे की कोणत्या पोलीस ठाण्याचे पत्र आहे, तक्रार क्रमांक कोणता आणि वादाची रक्कम किती. पूर्ण खात्याऐवजी तेवढीच रक्कम रोखून धरावी, अशी लेखी विनंती करावी. मग त्या विक्रीचे बिल, माल दिल्याची नोंद आणि गिऱ्हाइकाचा संदेश यांच्या प्रती त्या तपास अधिकाऱ्याला पाठवाव्यात. तेथे दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. या कामी मात्र वकील घ्यावा. ज्याच्याकडे बिल आहे त्याचे काम सोपे होते, ज्याने बिलच फाडले नाही तो अडकतो.

लोकपालांकडे समाधान झाले नाही तर ग्राहक आयोग आहे. मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात असल्याने जिल्हा ग्राहक आयोग ठाण्याला आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत जावे लागते. पण व्यापाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. व्यापारी हेतूने सेवा घेणारा 'ग्राहक' नव्हे, असे कायदा म्हणतो. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने एका शेअर दलालाच्या ओव्हरड्राफ्टच्या प्रकरणात बँकेविरुद्धची तक्रार याच कारणाने बाजूला ठेवली. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला मात्र कायद्याने सूट आहे. म्हणून कारागिराने अर्जात "हा धंदा मी उपजीविकेसाठी स्वतः करतो" हे स्पष्ट लिहावे. व्यापाऱ्याला लोकपालांचा मार्ग अधिक जवळचा आहे, तो यामुळेच.

बँकच अडचणीत आली तर

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा खातेदाराला सुरुवातीला सहा महिन्यांसाठी एक हजार रुपयेच काढण्याची मुभा होती. मर्यादा पुढे वाढत गेली, तरी मुंबई-ठाणे पट्ट्यातील कित्येक लहान धंदे त्यात होरपळले. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी लघु वित्त बँकेत विलीन झाली आणि पाच लाखांवरच्या ठेवी दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत फेडण्याचे ठरले. अशा वेळी कितीही उत्तम अर्ज लिहिला तरी पैसा लगेच सुटत नाही. येथे कामाला येतो तो ठेव विमा. फेब्रुवारी २०२० मध्ये तो एक लाखाचा पाच लाख झाला आणि सप्टेंबर २०२१ पासून निर्बंध आल्यावर नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांच्या हाती आधाराला हीच तरतूद होती. ती बँक पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये सारस्वत बँकेत विलीन झाली.

विम्याचे हे पाच लाख खात्यामागे नसून बँकेमागे आहेत. एकाच बँकेतील आपले बचत खाते आणि आपण एकटेच मालक असलेल्या दुकानाचे चालू खाते यांची बेरीज करून पाच लाख. भागीदारी संस्थेचे खाते वेगळे धरले जाते. म्हणून ज्यांची शिल्लक मोठी आहे त्यांनी ती दोन बँकांत विभागावी. आणि ज्यांच्या वडिलांची, आजोबांची जुनी खाती विसरली गेली आहेत त्यांनी हेही जाणावे की दहा वर्षे न हललेली रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते, पण वारसांचा हक्क बुडत नाही. ऑगस्ट २०२३ पासून 'उद्गम' या संकेतस्थळावर नाव घालून तिचा शोध घेता येतो, मागणी मात्र मूळ बँकेकडेच करावी लागते.

आजच करावयाचे काम

ज्यांचे पैसे अडकलेले नाहीत त्यांनीही एक जाड वही घ्यावी. पहिल्या पानावर बँकेचा खाते बंद करावयाचा क्रमांक, १९३० आणि १४४४८ लिहावे. दुसऱ्या पानावर खात्यांचे क्रमांक व नामनिर्देशित व्यक्ती. पिन मात्र कोठेही लिहू नये. पुढे प्रत्येक तक्रारीला एक पान : तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक, कोणाला दिली, पोच, तीस दिवस केव्हा पूर्ण होतात. मशिदीच्या किंवा व्यापारी मंडळाच्या बैठकीत ज्याला लिहिता येते त्याने ज्याला येत नाही त्याचा अर्ज लिहून द्यावा. अर्ध्या तासाचे काम आहे. ज्यांचे पैसे आज अडकलेले आहेत त्यांनी उतारा काढावा, दिवस मोजावेत आणि उद्या शाखा उघडताच अर्जाच्या दोन प्रती घेऊन जावे. शिक्का घेतल्याशिवाय परत फिरू नये.